अपाची चालूच होईना!

प्रश्न : दादा, मी बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीएचपीच्या प्रोजेक्टसाठी विंडोज १० वर झॅम्प (अपाची वेब सर्व्हर, मायएसक्यूएल डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज) टाकलं. मायएसक्यूएल हिरवं होतं, पण अपाचीचं स्टार्ट दाबलं की खाली लाल अक्षरात येतं की पोर्ट ८० पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४ ने घेतलाय. झॅम्प काढून परत टाकलं तरी तेच. आता विंडोज फॉरमॅट मारू का? आणि साईट मित्रांना मोबाईलवर दाखवता येईल का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : फॉरमॅट बिरमॅट काही मारू नकोस रे बाबा, झॅम्प परत टाकूनही फरक पडणार नाही कारण बिघाड झॅम्पमध्ये नाहीच. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवरची नंबर दिलेली जागा, एसटीतल्या सीटसारखी, आधी रुमाल टाकला त्याची. ८० वर आधीच कोणीतरी बसलंय, आणि पीआयडी ४ म्हणजे खुद्द विंडोजची सिस्टिम प्रोसेस, त्यामुळे टास्क मॅनेजरमधून एंड टास्क मारायच्या भानगडीत पडू नकोस. बहुतेक वेळा यामागे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेब सर्व्हर आयआयएस असतो, कोणीतरी कधीतरी विंडोज फीचर्समध्ये टिक करून ठेवलेला. सर्व्हिसेस उघड, त्यात वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस दिसते का बघ, दिसली तर स्टॉप कर आणि स्टार्टअप टाईप मॅन्युअल कर, नाहीतर रीस्टार्ट केल्यावर परत हजर.

ती सर्व्हिस नसेल किंवा डॉटनेटच्या प्रॅक्टिकलला आयआयएस लागतच असेल तर सरळ अपाचीलाच दुसरीकडे बसव, मला तर हेच बरं वाटतं. झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अपाचीच्या ओळीत कॉन्फिग दाब, पहिलीच फाईल उघड. त्यात 'लिसन ८०' आहे तिथे ८०८० कर, आणि सर्व्हरनेमच्या ओळीत लोकलहोस्टपुढे (लोकलहोस्ट म्हणजे हाच कॉम्प्युटर) ८० आहे तेही ८०८० कर, सेव्ह करून स्टार्ट. वरच्या कोपऱ्यातल्या कॉन्फिगमध्ये सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज आहे तिथेही ८०८० टाक, नाहीतर अपाची चालू असूनही पॅनेल ८० च्या नावाने रडत बसतं. आता ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८०८० असं टाईप करायचं.

तिथे झॅम्पचंच पान दिसेल, घाबरू नकोस, एचटीडॉक्समधली (झॅम्पमधला साईटच्या फाईली ठेवायचा फोल्डर) इंडेक्स फाईल तिकडे पाठवते. तू एचटीडॉक्समध्ये स्वतःचा फोल्डर कर आणि पत्त्यात शेवटी स्लॅश देऊन त्याचं नाव लिही. नोटपॅडमध्ये फाईल सेव्ह करताना शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटतं ते पण बघ, मग पीएचपी चालतच नाही, नुसता कोड दिसतो.

मोबाईलवर दिसेल की, पण दोघं एकाच वायफायवर पाहिजेत. मोबाईलमध्ये लोकलहोस्ट टाकलं तर तो स्वतःमध्येच शोधणार, म्हणून कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग मारून त्याचा आयपीव्ही४ चा (नेटवर्कवरचा) पत्ता घे (घरी बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो) आणि पुढे तेच कोलन ८०८०. फायरवॉलने विचारलं तर फक्त प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी दे.

कॉलेजच्या वायफायवर मात्र जपून. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या रूट युजरला पासवर्डच नसतो, मायएसक्यूएल नावाखाली चालणाऱ्या त्या मारियाडीबीला आधी पासवर्ड टाक. टाकल्यावर पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायचं टूल) ॲक्सेस डिनाइड म्हणेल, तेव्हा त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये रिकाम्या पासवर्डच्या जागी नवा लिही, प्रोजेक्टच्या कनेक्शनवाल्या ओळीतही.