वायफाय चालू आहे पण साइट उघडत नाहीत, राउटरमध्ये डीएनएस नेमका कुठे बदलायचा?

तुम्ही लिहिलंय की राउटरचे दिवे नीट लागलेत, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येतायत, पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही आणि कुणीतरी '८.८.८.८ टाक' असं सांगितलंय. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता सांगणारी सेवा, आणि ८.८.८.८ हा गूगलच्या अशा सेवेचा पत्ता. टाकायच्या आधी दोन मिनिटं थांबा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून आधी ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे पलीकडून उत्तर येतंय का ते तपासा, मग गूगल डॉट कॉमला. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, तर दुखणं डीएनएसचंच. दोन्हीकडे सामसूम असेल तर बहुतेक लाइनच गेलीय; राउटरमध्ये खुडबूड न करता कंपनीला फोन लावा. (व्हॉट्सअ‍ॅप चालतं, कारण त्याची जोडणी बऱ्याचदा आधीच झालेली असते. नाव विचारायची वेळ नव्याने जोडताना येते.)

आता राउटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नक्की कोणता ते डब्याखालच्या स्टिकरवर बघा. आकडे अर्थातच इंग्रजीत टाका. आत डीएनएसचे रकाने दोन ठिकाणी सापडतात आणि सगळा घोळ इथेच होतो. वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावरचे रकाने म्हणजे राउटरने स्वतः कुणाला विचारायचं ते. लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) किंवा डीएचसीपीच्या (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावरचे म्हणजे घरातल्या फोन-टीव्हीने कुणाला विचारायचं ते. कंपनीच्या डब्यात वॅनचे रकाने कधीकधी करडे असतात, हातच लावता येत नाही. माझ्याकडे तसंच होतं, म्हणून मी डीएचसीपीत बदल केला. फोन सुधारला, टीव्ही मात्र ढिम्म! पाऊण तास मी राउटरलाच शिव्या घालत होतो. डीएचसीपीने एकदा दिलेली माहिती ठरावीक मुदतीची असते, आणि मुदत वाढवून घेण्याची वेळ येईपर्यंत उपकरण ती तशीच वापरत राहतं; माझ्या राउटरवर ती मुदत होती २४ तास. टीव्हीचं वायफाय बंद करून परत जोडलं आणि चाललं.

आधीच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. तिथे भलताच परका पत्ता दिसला तर राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्डही लगेच बदला. आपल्या नकळत हे रकाने बदलणारं डीएनएसचेंजर नावाचं मालवेअर (घातकी सॉफ्टवेअर) होतं. २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली.

दोन रकाने एकाच सेवेच्या जोडीने भरा: गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४, किंवा क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१. दुसरा रकाना फक्त अडीअडचणीला असतो असा समज आहे, पण उपकरण दोघांपैकी कुणालाही विचारू शकतं. मुलांसाठी क्लाउडफ्लेअरचा गाळणीवाला (नको त्या साइट अडवणारा) १.१.१.३ टाकून खाली ८.८.८.८ ठेवलंत, तर गाळणीला भोक पडलंच म्हणून समजा. तिथे १.०.०.३ च हवा.

एवढ्याने डाउनलोडचा वेग वाढत नाही बरं का. ४० एमबीपीएसचा प्लॅन ४० चाच राहतो.

शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup) ही कमांड चालवा. पहिल्या ओळींत कुणाला विचारलं ते दिसतं. डीएचसीपीत बदल करूनही तिथे कोलनवाला लांबलचक पत्ता आला, तर राउटर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वरून वेगळाच डीएनएस वाटतोय. आयपीव्ही६ च्या पानावरही हेच रकाने असतात, तेही भरा.