दूरच्या सर्व्हरवरचे सेशन एआय एजंटच्या हाती देताना

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर एआय एजंट (स्वतः कमांड चालवणारा एआय प्रोग्राम) एसएसएचमार्फत, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीने, मॉडेलचे ट्रेनिंग सुरू करतो, लॅपटॉप झाकला किंवा नेट गेले की ते अर्धवट मरते, आणि पुन्हा जोडल्यावर मागचे काहीच ठाऊक नसलेला एजंट सगळे पहिल्यापासून सुरू करतो.

यात दोन निराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. पहिली युनिक्सइतकीच जुनी आहे: जोडणी तुटली की त्या टर्मिनलवरच्या प्रोग्रामांना सिगहप, म्हणजे 1 क्रमांकाचा सिग्नल, मिळतो आणि ज्यांनी त्याची वेगळी सोय केलेली नसते ते तिथेच बंद पडतात. दुसरी एजंटची आहे. पुष्कळ एजंट कमांडची वाट ठरावीक वेळच पाहतात आणि नवे संभाषण सुरू झाले की आधीचे विसरतात. म्हणून सेशनही, म्हणजे चालू टर्मिनल आणि त्यातले काम, सर्व्हरवर राहिले पाहिजे आणि त्याची नोंदही सर्व्हरवरच राहिली पाहिजे. एजंटने तिथे येऊन फक्त पाहावे, कमांड द्यावी आणि निघून जावे.

सेशन टिकवण्याचे काम ग्नू स्क्रीन 1987 पासून करत आले आहे, पण एजंटसाठी मी 2007 मध्ये आलेले टीमक्स हे तशाच कामाचे साधन निवडतो, कारण त्यात न शिरता बाहेरूनच त्याला सगळे सांगता येते. न्यू-सेशन ही कमांड 'डी' पर्यायासह दिली की सेशन पडद्याआड सुरू होते, सेंड-कीजने त्यात मजकूर टाइप करता येतो आणि कॅप्चर-पेनने आतला मजकूर वाचता येतो. असे सेशन 80 स्तंभ आणि 24 ओळींचे उघडते, त्यामुळे लांब ओळी तुटतात. 'एक्स' पर्यायाने रुंदी वाढवावी आणि वाचताना 'जे' देऊन तुटलेल्या ओळी जोडून घ्याव्यात. सेटिंग न बदलल्यास मागच्या 2000 ओळीच जपल्या जातात, आणि ट्रेनिंगच्या प्रगतिपट्ट्या त्या हा हा म्हणता खाऊन टाकतात.

मात्र काम संपले की नाही, हे एजंटला पडद्यावरून ओळखायला लावू नये. प्रॉम्प्टसारखे (पुढच्या कमांडची वाट पाहणारे चिन्ह) काही दिसले की तो काम झाले असे धरून चालतो, आणि नेमके हेच मला सर्वांत धोक्याचे वाटते. कमांड संपताच तिचा एक्झिट कोड (यश असेल तर शून्य, नसेल तर दुसरा आकडा) होम फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये लिहिला जाईल अशी व्यवस्था करावी आणि एजंटने तीच फाइल पाहावी; नवे काम सुरू करताना जुनी फाइल आधी पुसावी. आउटपुट 'टी'मधून (आउटपुट पडद्यावर दाखवून फाइलमध्येही लिहिणारी कमांड) लॉगमध्ये वळवत असाल, तर बॅशमध्ये पाइपफेल (साखळीतली कोणतीही कमांड फसली तरी अपयश नोंदवणारी सेटिंग) चालू करणे आवश्यक आहे, अन्यथा नोंद होईल ती 'टी'च्या यशाची आणि कोसळलेले ट्रेनिंगही शून्य कोड मिरवेल. पायथनला 'यू' हा पर्याय द्यावा. एरवी पाइपमध्ये आउटपुट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकते, लॉग बराच वेळ कोरा दिसतो आणि काम अडकले आहे असे समजून एजंट चांगले चाललेले ट्रेनिंग स्वतःच मारतो.

एजंटला टीमक्सचे वेगळे सॉकेट, म्हणजे आपल्यापासून स्वतंत्र चालणारे टीमक्स, द्यावे, त्यासाठी मोठ्या 'एल'चा पर्याय आहे. तसे केले नाही, तर त्याने उत्साहाने किल-सर्व्हर (सगळी सेशन बंद करणारी कमांड) दिल्यावर त्याच युजरखाली चाललेली आपली सेशनही जातील. आपल्याला नुसते पाहायचे असेल तेव्हा अटॅच करताना 'आर' द्यावे, म्हणजे दोघांचे टाइपिंग एकमेकांत मिसळत नाही.

टीमक्समधले कामही लॉगआउटनंतर मरत असेल, तर सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) किलयूजरप्रोसेसेस ही, लॉगआउटनंतर युजरचे प्रोग्राम बंद करणारी सेटिंग तपासावी. 2016 च्या 230 व्या आवृत्तीत ती मुळातच चालू ठेवली गेली. डेबियनने आपल्याकडे ती बंद ठेवली. ती चालू असल्यास त्या युजरसाठी लिंगर (लॉगआउटनंतरही युजरची कामे चालू ठेवण्याची मुभा) सुरू करून टीमक्स सिस्टमडी-रनमधून चालवावे. मॉश हे तुटक्या नेटवरही जोडणी सांभाळणारे साधन माणसासाठी उत्तम आहे, पण ते मुख्यतः दिसणारा पडदाच जुळवून ठेवते, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही. एजंट वारंवार एसएसएच करत असल्याने कंट्रोलपर्सिस्ट (एसएसएचची जोडणी उघडी ठेवणारी सेटिंग) लावले, तर दर वेळी नव्याने लॉगिन करण्याचा वेळ वाचतो; काम मात्र त्याने टिकत नाही.

सुडोचा (प्रशासकाचे अधिकार मिळवून देणारी कमांड) पासवर्ड एजंटला देऊ नये आणि आपली एसएसएच किल्ली फॉरवर्ड करू नये, म्हणजे सर्व्हरवरून ती वापरू देऊ नये. कमी अधिकारांचा स्वतंत्र युजर पुरेसा आहे. लॉगमध्ये बाहेरून आलेला मजकूरही असतो आणि एजंट त्यालाच सूचना समजू शकतो, हे ध्यानात ठेवूनच ते अधिकार ठरवावेत.

एजंटच्या सूचना-फाइलमध्ये एवढे लिहावे: काहीही सुरू करण्यापूर्वी हॅज-सेशनने त्या नावाचे सेशन आहे का ते पाहावे, मग एक्झिट कोडची फाइल आणि लॉगचा शेवट वाचावा, आणि सेशन नसेल व कोडही नसेल, तर सर्व्हर रीबूट झाला असे धरून शेवटच्या चेकपॉइंटपासून (ट्रेनिंगची जतन केलेली अवस्था) ट्रेनिंग पुढे न्यावे. रीबूटमधून टीमक्स वाचत नाही, त्यामुळे चेकपॉइंट कायमस्वरूपी डिस्कवरच असावेत, कंटेनरच्या (प्रोग्राम चालवण्यासाठीच्या तात्पुरत्या, बंदिस्त वातावरणाच्या) आत नव्हेत.