आजीची दोन नावं

प्रिय मुक्ता,

या सुट्टीत मिरजेला आजीने माळ्यावरची भांडी काढली, तेव्हा एका वाटीवर 'कु. विमल' आणि दुसरीवर 'सौ. सुनंदा' असं कोरलेलं तुला दिसलं. दोन्ही नावं आजीचीच, हे कळल्यावर तू विचारलंस, "नाव बदलताना तिला कुणी विचारलं होतं का?" प्रश्न मला लागला. तेव्हा धड उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत. घरात थोरल्या काकू आधीच विमल होत्या. एका घरात दोन विमल कशा चालतील, म्हणून आजोबांनी सुनंदा लिहिलं. आडनाव बदललं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं. आधीच्या नावातलं काहीच उरलं नाही.

मॉन्ट्रियलमध्ये वाढलेल्या तुला हे विचित्र वाटणारच. क्यूबेकमध्ये 1981 पासून लग्नानंतरही बाईचं जन्माचंच नाव कायद्याने चालू राहतं. तुझ्या मैत्रिणींच्या आयांची नावं तू तशीच ऐकत आलीस. तुझ्या वयाचा असताना मला मात्र विचित्र नाही, भीती वाटायची.

मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. एसटी आंबा घाट उतरून साखरप्याला थांबायची, मग देवरुख. स्टँडवर मामा उभा असायचा आणि लांबूनच ओरडायचा, "विमे, किती गं वाळलीस!" मिरजेत सासूबाईंसमोर हळू आवाजात बोलणारी माझी आई तिथे खळखळून हसायची. हाताला खोबरेल लावून फणस फोडायची, गऱ्यांवरून मावशीशी भांडायची, दुपारी ओटीवर चक्क आडवी व्हायची. ही विमल कोण, हे मला कळत नसे. मी उगाच दर पाच मिनिटांनी "आई" अशी हाक मारून बघायचो, ती वळते की नाही ते. मामा गेला, मावशी गेली. आता तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी नाही.

तू शाळेत झाशीची राणी झाली होतीस ना, ती माहेरची मणिकर्णिका. 1842 साली लग्न झालं आणि लक्ष्मीबाई झाली. 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी मूळच्या कल्याणच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही यमुनाच! एवढी मोठी कामं केलेल्या या बायकांची लहानपणीची नावं मुद्दाम सांगावी लागतात, याचं मला वाईट वाटतं.

तरीही ही नुसती जुलमाची रीत होती, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नवरा काय नाव लिहील यावर मैत्रिणींच्या पैजा लागायच्या, असं आजी आजही हौसेने सांगते. सुनंदा नाव तिला आवडलंही. तिने शाळेत शिकवलं ते सुनंदाबाई म्हणूनच. मंडईत पन्नाशीचे गृहस्थ "बाई, ओळखलंत का?" म्हणत वाकून नमस्कार करतात, तो मान त्याच नावाने मिळवलेला आहे. पण मॅट्रिकचं प्रमाणपत्र विमलचं होतं. नोकरीसाठी नावातला बदल राजपत्रात छापून आणावा लागला आणि त्यासाठी हेलपाटे घातले तिनेच.

तेव्हा, नाही, तिला कुणी विचारलं नाही. तुझ्या आईनेही कुणी विचारायची वाट पाहिली नाही. आमच्या लग्नात ताट होतं, तांदूळ होते, अंगठी होती. तिने आधीच बजावलं होतं, "माझं आहे तेच लिही." मी तेच लिहिलं. आत्या जरा हिरमुसली, पण पेढे तिनेच वाटले.

तुझ्या वेळी ताट मांडायचं की नाही, हे तू ठरव. मांडलंस तर मला आनंद होईल, नाही मांडलंस तरी माझी काही तक्रार नसेल. एवढंच कर, आजीला "तुझं खरं नाव कोणतं?" असं विचारू नकोस, ती उगाच गोंधळेल. "विमल असताना तू काय काय करायचीस?" असं विचार. रविवारी फोन कर आणि हाताशी चांगला तासभर ठेव. शाळेतल्या नाटकात ती शिवाजी झाली होती, तिथून ती सुरुवात करेल.

तुझा,
बाबा