जुन्या आणि आताच्या स्कूबात (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं) फरक काय? चांगलं पोहता येत असेल तर तारकर्लीला कोर्स कशाला करायचा?

पट्टीच्या पोहणाऱ्याला तर कोर्स जास्तच लागतो. पंचगंगेच्या घाटावर ज्याचा दम मोठा त्याचं कौतुक. स्कूबात दम कोंडणं हीच सगळ्यात मोठी चूक. १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे सिलिंडरची हवा छातीभर घेऊन दम धरून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला दीड मीटरसुद्धा पुरतो. कोर्समध्ये आधी ही खोड मोडतात.

आता ते 'जुने डायव्हर खरे, आताचे कॉम्प्युटरवर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) चालतात' पुराण. कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून देणारा भाग, १९४३ चा, पण पुढे बरीच वर्षं हवा किती उरली हे दाखवणारं मीटर सर्रास नव्हतं. जे-व्हॉल्व्ह असायचा: श्वास जड लागला की सळई खाली ओढायची, मग शेवटची २०-एक बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा मिळायची. ती सळई कपारीला घासून आधीच खाली आलेली असली, तर राखीव हवा नकळत वापरून झालेली. ओढून उपयोग शून्य. जोडीदाराची हवा संपली तर एकाच माउथपीसमधून आळीपाळीने दोन-दोन श्वास. घाबरलेला माणूस तो परत देत नाही. यात मर्दुमकी कसली? आता प्रत्येकाकडे जादा माउथपीस, म्हणजे ऑक्टोपस असतो. वर यायचा वेगही मिनिटाला १८ मीटरवरून ९ वर आला, शिवाय ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा.

हिशेब मात्र स्वतःला यायलाच हवा. १२ लिटरचं सिलिंडर, २०० बार, ५० राखले की १८०० लिटर. पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील, तर २० मीटरवर दाब तिप्पट म्हणून ६०. म्हणजे अर्धा तास. हात मारत राहणारा पोहणारा ती वीस मिनिटांतच संपवतो.

इन्स्ट्रक्टर धरून फिरवतो ती पर्यटकांची डुबकी, ते प्रशिक्षण नव्हे. तेवढीच हौस असेल तर कोर्स नको, हेही खरं. दमा असेल तर आधी डॉक्टर.

आणि आपल्या लोकांसाठी एक राहिलंच: तारकर्लीहून परतताना लागणारा आंबोलीचा घाटमाथा ७०० मीटरच्या आसपास आहे, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने डाइव्हमध्ये अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. दोन डाइव्हनंतर विमानासाठी सांगतात तेच १८ तास इथेही धरा. रविवारी दुपारी पाण्याबाहेर आलात तर संध्याकाळी गाडी काढू नका, सोमवारी सकाळी निघा.