शब्बाथ शाळेचा वर्ग घेणाऱ्या तरुणास पत्र

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. तरुणांचा वर्ग तुझ्याकडे आला, फार आनंद झाला. आपली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी जिला संदेष्टी मानते त्या एलन व्हाइट यांचं लिखाण वर्गात कसं वापरावं हे तू विचारलंस ते बरं केलंस. आपल्या मंडळ्यांत याच बाबतीत फार ओढाताण होते.

पाठाची तयारी करताना नेमलेला उतारा आधी पवित्र शास्त्रातून वाच, तोही मागच्या-पुढच्या अध्यायांसकट. संदर्भाची वचनं काढून बघ. अर्थ काय लागतो ते दोन-चार ओळींत वहीत लिही आणि मगच व्हाइटबाईंचं पुस्तक उघड. उलट केलंस तर त्यांच्या वाक्याला जुळेल असं वचन शोधत बसशील, आणि मुलांना वाटेल की आपला विश्वास त्या पुस्तकांवरच उभा आहे.

आपल्या मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. सुरुवातीला आपले एक आद्य पुढारी जोसेफ बेट्स यांच्या शिकवणीप्रमाणे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सहा ते शनिवारी सहा असा पाळला जाई. १८५५ मध्ये आपलेच दुसरे पुढारी जे. एन. अँड्र्यूज यांनी लेवीय २३:३२ आणि इतर वचनं लावून दाखवलं की शास्त्रात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या सभेत हा अभ्यास मांडला गेला. बहुतेकांना तो पटला, पण बेट्स यांना आणि खुद्द व्हाइटबाईंना पटेना. पुढे काही दिवसांतच व्हाइटबाईंना दृष्टांत झाला तो अँड्र्यूज यांच्या बाजूचा. शास्त्राचा अभ्यास आधीच झाला होता. दृष्टांताने त्याला दुजोरा दिला आणि त्यांचं स्वतःचं मत बदललं. ही घटना वर्गाला सविस्तर सांग.

‘त्या खऱ्या संदेष्ट्या कशावरून?’ असं कुणी विचारलं तर त्याला गप्प बसवू नकोस. १ थेस्सलनीकाकरांस ५:१९-२१ मध्ये संदेश तुच्छ मानू नका असं सांगून लगेच पारख करायलाही सांगितलं आहे. यशया ८:२०, मत्तय ७:१५-२०, १ योहान ४:१-३ आणि यिर्मया २८:९ ही वचनं मुलांकडूनच वाचून घे. भाकीत खरं ठरलं का हे बघताना लोक यिर्मया १८:७-१० हमखास विसरतात. चाळीस दिवसांत निनवे उलथलं नाही, म्हणून योना खोटा ठरत नाही; लोकांनी पश्चात्ताप केला होता.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सुट्या वाक्यांनी. अंड्यांचंच घे. व्हाइटबाईंच्या १८६९ च्या एका साक्षीत, म्हणजे उपदेशपर लिखाणात, ‘तुमच्या टेबलावर अंडी नसावीत’ असं आहे. ते एका विशिष्ट कुटुंबाला, त्यांच्या मुलांची अवस्था पाहून लिहिलेलं. त्याच लेखिकेने १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. क्रेस यांना अंडी खायला आवर्जून सांगितलं, निरोगी कोंबडीची, न आंबवलेल्या द्राक्षरसात कच्ची घालून. कारण अतिकडक आहाराने ते मरणाच्या दारात पोचले होते. पहिलं वाक्य तेवढं उचलून कुणा अशक्त माणसाच्या घरी सुनावणं हा मी अपराधच मानतो. म्हणून प्रत्येक उताऱ्यापाशी तीन गोष्टी बघ: कुणाला लिहिलं, कोणत्या साली आणि कशामुळे. आहारावरचं संकलन १९३८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी निघालं. त्यात उताऱ्याबरोबर साल आणि मूळ ठिकाण दिलेलं आहे. तेवढ्यावर न थांबता मूळ पान काढून आख्खा परिच्छेद वाच.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. ‘आम्हाला बायबल पुरे’ म्हणत त्यांची पुस्तकं कपाटात ठेवणारे इफिस ४:११-१३ मधलं संदेष्ट्यांचं दान नाकारतात. आपल्या २८ मूलभूत विश्वासांत पहिला पवित्र शास्त्राबद्दल आहे आणि अठरावा या दानाबद्दल; प्रत्येक शिकवण आणि अनुभव बायबलवरच पारखायचा, हे त्या अठराव्यातही लिहिलेलं आहे. त्यांनी स्वतः १९०३ मध्ये आपल्या लिखाणाला लहान प्रकाश म्हटलं, मोठ्या प्रकाशाकडे, म्हणजे बायबलकडे, नेणारा.

वर्गात दुसऱ्या मंडळीचा पाहुणा असला तर शब्बाथ, मृतांची स्थिती, पवित्रस्थान हे विषय फक्त शास्त्रातून मांड. व्हाइटबाईंचं वाक्य पुरावा म्हणून त्याच्यापुढे ठेवू नकोस. त्याने स्वतःहून विचारलं तर त्या कोण होत्या ते मोकळेपणाने सांग, एखादं पुस्तक वाचायला दे, आणि पुढच्या शब्बाथला त्याचे प्रश्न आधी घे.

प्रभूमध्ये तुझा,
एक वडील बंधू