ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरच्या निबंधात पात्र, भाषा आणि पूर्वसूचना यांसाठी कोणता उतारा घ्यावा?

दुसऱ्या प्रकरणातला दाढीचा प्रसंग घ्या, तिन्ही गोष्टी तिथे एकत्र सापडतात. खांद्यावर हात पडतो तरी काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात पाहुणा असलेल्या जोनाथन हार्कर या तरुण वकिलाला आरशात काउंट दिसत नाही. दचकून वस्तरा लागतो, हनुवटीवर रक्त येतं आणि काउंट त्याच्या गळ्यावर झडप घालतो. क्रुसाच्या माळेला हात लागताच मात्र त्याचा आवेश ओसरतो. तो क्रूस खानावळवालीने दिलेला, आणि हार्करला तो घेताना मूर्तिपूजेसारखा वाटून संकोच झाला होता. पुढे अठराव्या प्रकरणात प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग काउंटसारख्या रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची लक्षणं समजावतो, तेव्हा आरसा आणि क्रूस दोन्ही परत येतात. भाषेसाठी हार्करच्या रोजनिशीचा सूर पाहा: गाडीचा उशीर, पॅप्रिका घातलेली कोंबडी, वाग्दत्त वधू मीनासाठी त्या पदार्थाची पाककृती मिळवायची नोंद. असा हिशेबी माणूस हादरतो म्हणून आपणही हादरतो. काउंटची स्वतःची रोजनिशी नाही, हेही पात्राबद्दल जरूर लिहा. फक्त प्रत्येक ढगाळ रात्रीला पूर्वसूचना म्हणू नका; नंतरची घटना बोट ठेवून दाखवता आली तरच ती पूर्वसूचना, नाहीतर नुसती वातावरणनिर्मिती.