‘दलदलीतली ममी’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेल्या प्राचीन मृतदेहाला, म्हणजे ‘टोलुंड मानवा’ला, मराठीत कोणी ‘सांगाडा’ म्हणतात, कोणी ‘जीवाश्म’, तर कोणी ‘दलदलीतली ममी’. यांतले बरोबर काय?

‘सांगाडा’ तर मुळीच नको. हा माणूस १९५० साली सिल्केबोर्ग शहराजवळ जळणासाठी पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) कापताना सापडला. चेहरा इतका शाबूत होता, की ताजा खून समजून लोकांनी पोलिसांना बोलावले. प्रत्यक्षात तो जवळजवळ २,४०० वर्षांपूर्वीचा. गळ्यात चामड्याचा फास, डोक्यावर कातडी टोपी, हनुवटीवर दाढीचे खुंट! जर्मनीत डामेनडॉर्फ इथे सापडलेल्या अशाच देहाची तर हाडे विरून गेली आणि कातडी, केस, नखे तेवढी उरली. ‘जीवाश्म’ही चुकीचाच, कारण इथे देहाचा दगड झालेला नाही.

‘ममी’चा विचार मात्र नीट करायला हवा. नैसर्गिकरीत्या टिकलेल्या देहालाही शास्त्रज्ञ ममी म्हणतात, त्यामुळे तो शब्द चूक नाही. पण आपल्या डोळ्यांपुढे लगेच इजिप्त येतो. तिथे नॅट्रॉन नावाच्या क्षाराने देहातले पाणी शोषून घेत. पीटमधला देह शतकानुशतके पाण्यातच असतो. स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचे थर तिथे साचत जातात. पाणी आम्लधर्मी आणि थंड, त्यात प्राणवायू नाहीच म्हटले तरी चालेल. कुजवणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही. शेवाळातून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे त्वचा काळपट तपकिरी आणि चिवट होते, आणि आम्ल हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. याला मराठीत नेमके क्रियापद आहे: कमावणे. आपल्याकडे बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कातडे कमावतात, तसाच प्रकार पीट या देहांवर करते. ‘कातडी कमावली गेली’ असे लिहिले की निम्मे स्पष्टीकरण तिथेच होते. ‘त्वचेचे जतन झाले’ हे त्यापुढे फारच मोघम वाटते.

राहिला ‘दलदल’. साध्या दलदलीत प्रेत कुजते, म्हणून तो शब्द एकटा पुरत नाही. ‘पीट’ शालेय भूगोलात कोळशाच्या प्रकारांत येतो आणि बागकाम करणाऱ्यांना ‘कोकोपीट’मुळे ओळखीचा असतो (ते नारळाच्या काथ्याचे, म्हणजे खरे पीट नव्हे). डॅनिश भाषेत अशा देहाला ‘मोसेलीग’ म्हणतात: ‘मोसे’ म्हणजे अशी पाणथळ जागा आणि ‘लीग’ म्हणजे प्रेत. त्याच धर्तीवर मी ‘पीटदेह’ सुचवीन. ‘पीटप्रेत’ अर्थाने जास्त जवळचा, पण सलग दोन ‘प’ जिभेला अडतात, शिवाय संग्रहालयात ठेवलेल्या माणसाबद्दल ‘प्रेत’ म्हणणे मला रुचत नाही.

पहिल्या उल्लेखात ‘पीटच्या दलदलीत टिकलेला मृतदेह’ असे पूर्ण लिहावे, पुढे ‘पीटदेह’ पुरे. अनेकवचनही ‘पीटदेह’च: ‘डेन्मार्कमध्ये अनेक पीटदेह सापडले आहेत.’